लाल विंचवाचा दंश आणि गर्भवती

अहिल्यानगर, प्रतिनिधी

पावसाळ्याच्या तोंडावर सरपण आणि गोवऱ्या आडोशाला नेण्याची लगबग सुरू होते, त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रातील आरोग्य केंद्रांत विंचूदंशाचे रुग्ण वाढू लागतात. सरपणाचा ढीग उपसणारे, गोठा झाडणारे, पहाटेच्या अंधारात चुलीपाशी चाचपडणारे हात बहुधा स्त्रियांचे असतात आणि त्यांतील काही जणी गर्भवती असतात. विंचवाचे विष पोटातील बाळापर्यंत पोहोचते काय, हा अशा वेळी घरच्यांच्या मनात येणारा पहिला प्रश्न. तो स्वाभाविक असला तरी वैद्यकीयदृष्ट्या दुय्यम आहे. लाल विंचवाच्या दंशात गर्भाला मुख्य धोका असतो तो आईच्या हृदयावर आणि रक्ताभिसरणावर होणाऱ्या परिणामांमुळे. त्यामुळे उपचाराची दिशाही आईकडूनच ठरते. बाळाच्या काळजीपोटी आईचे औषध लांबवले, तर दोघांचेही नुकसान होते.

विंचू कोणता?

महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे दोन तऱ्हेचे विंचू माणसाच्या वाट्याला येतात. मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू दिसायला भयंकर असतो. अनेक भागांत त्याला इंगळी म्हणतात. त्याच्या दंशाने आग आणि ठणका जबर होतो, पण जीव जाण्याची भीती फारशी नसते. दुसरा लाल विंचू. शास्त्रीय नाव हॉटेंटोट्टा टॅम्युलस, पूर्वीच्या ग्रंथांत मेसोबुथस टॅम्युलस. हा आकाराने लहान, नांग्या सडपातळ आणि शेपटी मात्र जाड. जगातील सर्वांत घातक विंचवांत त्याची गणना होते. नावाप्रमाणे तो नेहमी लाल दिसतोच असे नाही. नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत त्याच्या छटा आढळतात आणि रात्री कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात रंगावरून निदान करणे धाडसाचेच. म्हणून विंचू सापडला नाही, ओळखता आला नाही, तर तो लाल होता असे गृहीत धरून चालावे.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात अकोल्याचा डोंगराळ, पावसाचा पट्टा वगळता बराचसा भाग पर्जन्यछायेतील. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर, श्रीगोंदा या तालुक्यांतील माळराने, दगडी बांध, कोरडी नाले-खोरी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती म्हणजे विंचवाला हवी तशी जागा. उत्तरेकडे साखर कारखान्यांचा बागायती पट्टा आहे. तेथे हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या भिंती, जमिनीवरचे अंथरूण, उशाशी सरपण आणि पहाटेपूर्वी अंधारात सुरू होणारे काम. दंशाला पोषक अशी सारी परिस्थिती एका कोपीत एकवटलेली असते. गर्भवती असूनही फडात उतरणाऱ्या स्त्रिया या कामगारांत असतात. त्यांचे गाव, त्यांची ओळखीची आशा कार्यकर्ती आणि त्यांचे नोंदणीचे आरोग्य केंद्र यांपासून त्या त्या काळात दूर असतात, ही यातील खरी अडचण.

विष करते काय?

लाल विंचवाचे विष साप-विषासारखे रक्त गोठवण्याची क्रिया बिघडवून किंवा ऊती कुजवून मारत नाही. त्यातील प्रथिनांचे लहान रेणू मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतात आणि पोटॅशियमचे काही दरवाजे बंद करतात. परिणामी मज्जातंतू सतत पेटलेल्या अवस्थेत राहतात. आपल्या इच्छेविना चालणारी संस्था, म्हणजे हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल यांचे नियंत्रण करणारी स्वायत्त मज्जासंस्था, अक्षरशः वादळात सापडते.

हे वादळ साधारणपणे दोन टप्प्यांत येते. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, कधी नाडी मंदावणे. मागोमाग ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय धावू लागते. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा स्नायू थकतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते. रुग्ण खोकू लागतो, आडवे पडवत नाही, तोंडाला गुलाबी फेस येतो. त्यानंतर रक्तदाब कोसळतो. हे सारे काही तासांत घडू शकते.

येथे एक विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. दंशाच्या जागी असह्य ठणका आहे पण घाम, ओकाऱ्या, गार हातपाय यांपैकी काही नाही, असा रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. उलट ठणका थोडा आणि अंग मात्र घामाने थबथबलेले, हा रुग्ण धोक्यात असतो. ‘दुखायचे थांबले, विष उतरले’ असे समजण्यात अनेकांचे प्राण गेले आहेत.

गर्भाशयापर्यंत पोहोचणारे परिणाम

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या गर्भाशयाला दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त पुरवले जाते. हा पुरवठा करणाऱ्या धमन्या एरवी पूर्ण सैल झालेल्या असतात, पण नॉरॲड्रेनलिनला त्या चटकन प्रतिसाद देतात आणि आवळतात. मेंदू किंवा मूत्रपिंड रक्तदाब बदलला तरी आपला पुरवठा काही प्रमाणात सांभाळून घेते; वारेकडे जाणाऱ्या रक्ताला ती सोय जवळजवळ नाही. म्हणजे आईचे हातपाय ज्या कारणाने गार पडतात, त्याच कारणाने वारेचा पुरवठाही आटू लागतो. बाळाला प्राणवायू कमी पडतो. पुढे आईचा रक्तदाब कोसळला किंवा फुफ्फुसात पाणी झाले, तर ही तूट अधिकच वाढते.

दुसरा परिणाम गर्भाशयाच्या स्नायूवरचा. लाल विंचवाच्या विषातून अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे केले. पेशीतील कॅल्शियम वाढले की उघडणाऱ्या एका मोठ्या पोटॅशियम दरवाजाला ते नेमके अडवते. हाच दरवाजा गर्भारपणात गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवण्यास हातभार लावतो. त्यामुळे गर्भाशयाच्या स्नायूवर संशोधन करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आपल्या माळावरच्या विंचवाचे हे प्रथिन आज नित्याचे साधन झाले आहे. प्राण्यांच्या गर्भाशयाच्या पट्टीवर ते टाकले की आकुंचने वाढतात. अन्य जातींच्या विंचवांच्या विषानेही उंदरांच्या गर्भाशयावर असाच परिणाम दिसलेला आहे. परीक्षानळीतील पट्टी आणि जिवंत स्त्री यांत अंतर आहे, आणि संपूर्ण विषात या एका प्रथिनाचा वाटा अल्पच असतो. तरीही दंशानंतर अवेळी कळा सुरू झाल्या, तर ते घाबरल्यामुळे झाले असे म्हणून सोडून देता येत नाही.

गर्भवतींच्या विंचूदंशाचे अनुभव ट्युनिशिया, तुर्कस्तान, अमेरिका अशा देशांतील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. सौम्य दंशात बहुतेक गर्भारपणे पुढे सुखरूप पार पडतात, असे त्यांवरून दिसते. तीव्र दंशात मात्र कळा, रक्तस्राव आणि गर्भाचा मृत्यू संभवतो. इंटरनेटवर वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील विंचू वेगळ्या जातीचा. त्याच्या दंशात डोळ्यांची व स्नायूंची अनियंत्रित हालचाल प्रामुख्याने दिसते, हृदय क्वचितच कोलमडते. तेथील ‘घरीच बर्फ लावा, लक्ष ठेवा’ हा सल्ला जामखेडच्या किंवा पाथर्डीच्या गर्भवतीला लागू पडत नाही.

लक्षणे झाकली जातात

गर्भवतीच्या बाबतीत निदान अवघड होते ते एका साध्या कारणामुळे. ओकाऱ्या, घाम, धडधड, धाप लागणे ही विंचूविषाची लक्षणे आहेत आणि गर्भारपणाच्या नेहमीच्या तक्रारीही याच आहेत. ‘दिवस भरत आलेत, होतं असं’ या एका वाक्यात मोलाचे दोन तास निघून जातात. शिवाय पुरुष रुग्णांत तीव्र विषबाधेची खूण म्हणून डॉक्टर ज्या लिंगताठरतेकडे पाहतात, ती खूण स्त्रियांत नसतेच.

सर्वांत विश्वासाची आणि कोणालाही तपासता येण्याजोगी खूण म्हणजे हातपायांचा गारवा. निरोगी गर्भवतीचे तळहात-तळपाय सहसा उबदार असतात, कारण गर्भारपणात त्वचेकडील रक्तप्रवाह वाढलेला असतो. दंशानंतर ते गार आणि ओले लागले, तर ती विषबाधा समजावी. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आपला हात पुरतो.

दुसरा घोटाळा रुग्णालयात होऊ शकतो. सातव्या-आठव्या महिन्यातील स्त्री, रक्तदाब चढलेला, डोके दुखते आहे, धाप लागली आहे, अशा चित्रावरून डॉक्टरांच्या मनात पहिला संशय येतो तो गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा. रात्रीच्या अंधारात दंश लक्षात आला नसेल तर तो संशय पक्काही होतो. परंतु त्या विकारात सर्रास दिली जाणारी बीटा-रोधक वर्गातील औषधे विषाने थकलेल्या हृदयाला आणखी दुबळे करू शकतात. अवेळी कळा थांबवण्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आयसॉक्सुप्रिनसारख्या औषधांचेही तसेच. ती हृदयाची गती वाढवतात, फुफ्फुसात पाणी होण्यास मदत करतात. ॲड्रेनलिनच्या लोंढ्यात त्यांची भर नको. प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे मिथाइल-अर्गोमेट्रिन रक्तदाब चढलेला असताना टाळावे, हे तर प्रसूतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. म्हणून गर्भवतीचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे महत्त्वाचे. मागच्या तपासणीत रक्तदाब आणि लघवी ठीक असल्याची नोंद असेल, तर आज अचानक चढलेल्या रक्तदाबाचा अर्थ डॉक्टरांना वेगळा लावता येतो.

गर्भारपणात फुफ्फुसात पाणी होण्याची शक्यता मुळातच थोडी अधिक असते. रक्तातील द्रवाचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते, हृदय नेहमीपेक्षा सुमारे तृतीयांश ते निम्मे अधिक काम करीत असते. त्यामुळे ओकाऱ्या झाल्या म्हणून सरसकट सलाइनच्या बाटल्या चढवणे हे इथे धोक्याचे ठरू शकते. तोंडावाटे थोडे थोडे पाणी किंवा क्षारसंजीवनी, आणि शिरेतून द्रव द्यायचाच तर छातीचा आवाज तपासत, हा मार्ग बरा.

महाडहून आलेला उपचार

या दंशावरील परिणामकारक उपचार महाराष्ट्रातच, तोही एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अनुभवातून उभा राहिला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडी येथे सरकारी सेवेत होते. लाल विंचवाच्या तीव्र दंशात त्या काळी शंभरातील तीस-चाळीस रुग्ण दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला. त्यावरील त्यांचे लेखन १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. मृत्यूचे कारण हृदय आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या हे ध्यानात आल्यावर, रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

दुसरे हत्यार म्हणजे विंचूप्रतिविष. मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार केले. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे केलेल्या आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० रुग्णांचे दोन गट होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. गर्भाच्या दृष्टीने या तासांना मोठा अर्थ आहे. आईच्या रक्तवाहिन्या दहा तास आधी सैल होणे म्हणजे वारेचा पुरवठा दहा तास आधी पूर्ववत होणे.

सर्पदंशावरील प्रतिविष विंचवावर चालत नाही, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. दोन्ही कुप्या एकाच शीतपेटीत असतात आणि घाईत गल्लत होऊ शकते. कोकणातील आणि दख्खनच्या पठारावरील लाल विंचवांच्या विषात काही प्रथिनांचा फरक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हा कोकणातील अनुभव घाटावर जसाच्या तसा उतरेल असे गृहीत न धरता घाटावरच्या डॉक्टरांनीही आपल्या नोंदी ठेवायला हव्यात, आणि त्यांत गर्भवतींच्या वेगळ्या असाव्यात.

गर्भवतीला ही औषधे चालतात काय? गर्भारपणात औषध देताना डॉक्टर बिचकतात, आणि एरवी ते योग्यच. येथे मात्र पर्याय तोलून पाहावे लागतात. प्राझोसिन गर्भारपणातील उच्च रक्तदाबावर पूर्वीपासून वापरले गेले आहे. प्रतिविषाबाबत विषशास्त्रज्ञांचे मत असे की, आईला त्याची गरज असेल तर गर्भारपण हे ते नाकारण्याचे कारण होत नाही. प्रतिविषाने ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते ॲड्रेनलिनची सुई हाताशी असलेल्या ठिकाणीच द्यायचे. प्राझोसिनची मात्रा हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी दिली जाते आणि या काळात रुग्णाला उठू-बसू दिले जात नाही, कारण रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. पाचव्या महिन्यानंतरच्या गर्भवतीला उताणे झोपवायचे नाही. गर्भाशयाच्या भाराने पोटातील मोठी नीला दबते आणि रक्तदाब आणखी घसरतो. म्हणून डाव्या कुशीवर. ही गोळी मात्र घरी ठेवून स्वतःहून घेण्याची नव्हे. सौम्य दंशात तिची गरजच नसते.

नुसत्या ठणक्यासाठी दंशाच्या जागी भूल देणारे इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल पुरते. ॲट्रोपिन आणि स्टेरॉइड यांची पूर्वीची प्रथा आता मोडीत निघाली आहे. हृदय फारच थकले तर डोब्युटामिन, कृत्रिम श्वसनयंत्र असे अतिदक्षता उपचार लागतात. ते जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणीच शक्य. जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर. या अंतरामुळेच पहिली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पोटात जाणे महत्त्वाचे.

आईची लक्षणे ओसरली तरी किमान चोवीस तास तिला निगराणीखाली ठेवतात. या काळात बाळाचे ठोके वरचेवर मोजले जातात, कळा आणि रक्तस्राव यांवर लक्ष असते. घरी आल्यावर बाळाची हालचाल कमी वाटली, पोट कडक राहू लागले किंवा अंगावरून पाणी गेले, तर तत्काळ परत जावे. केवळ दंश झाला म्हणून गर्भपात करणे किंवा घाईने प्रसूती करवणे याला आधार नाही. आई स्थिरावल्यावर गर्भाची अवस्था पाहून तो निर्णय होतो.

विंचू ‘उतरवणे’

शेजारच्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी विंचवावर भारूड रचले, इतका हा प्राणी आपल्या लोकजीवनात मुरलेला आहे. विंचू उतरवणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी. तिला यश येताना दिसते, याचे कारण उघड आहे. बहुसंख्य दंश काळ्या विंचवाचे किंवा कमी विषाचे असतात आणि ते काही तासांत आपोआप शमतात. श्रेय मंत्राला मिळते. ज्या थोड्यांना लाल विंचवाने पुरेसे विष टोचलेले असते, त्यांचे तेवढेच तास वाया जातात. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. कायद्यात ‘रोखून’ हा शब्द महत्त्वाचा. मंत्र घालणाऱ्यानेच गाडीची व्यवस्था करून रुग्ण दवाखान्यात पोहोचवला, तर त्याला कोणी हरकत घेणार नाही, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन असेल तर तो उपयोगीच पडेल.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पाने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले आणि त्यांच्यावर गावाने विश्वास ठेवला. ‘आशा’ योजना देशात २००५ मध्ये आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दंश झालेल्या गर्भवतीचे तळवे चाचपून ‘ही गार पडली आहे, हिला आत्ताच न्या’ असे रात्री दोन वाजता ठामपणे सांगणारी बाई गावात असणे, हे प्रतिविषाच्या कुपीइतकेच मोलाचे आहे.

दंश झाल्यावर

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळून बांधू नये. विष त्याने थांबत नाही. चुना, रॉकेल, तंबाखू यांचा उपयोग नाही. बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवता येते. गर्भवतीला चालवत नेऊ नये, डाव्या कुशीवर निजवून न्यावे. दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि ओकारी, घाम कधी सुरू झाला तेही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते; गर्भवतींसाठी १०२ ही सेवाही आहे. फोनवर ‘विंचू चावला’ एवढेच न सांगता ‘गर्भवतीला विंचू चावला, इतका महिना आहे, हातपाय गार आहेत’ असे सांगावे. ऊसतोडीच्या फडावर असाल तर मुकादमाकडून कारखान्याच्या किंवा जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव आणि अंतर हंगामाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

घरात अंथरूण भिंतीपासून हातभर दूर आणि शक्यतो बाजेवर असावे. चप्पल घालण्यापूर्वी झटकावी. सरपण घराबाहेर रचावे, ते काढताना आधी काठीने हलवावे. विंचू जंबुपार किरणांत हिरवट चमकतो. त्या प्रकाशाची लहान बॅटरी बाजारात मिळते आणि गोठ्यात, न्हाणीत, कोपीत रात्री एकदा फिरवली तर लपलेला विंचू चटकन दिसतो.